पाच किलो आठशे ग्रॅमची पिशवी : रोजच्या कामासाठी हलका लॅपटॉप कोणता घ्यावा?

गोदाकाठ :

नमस्कार मंडळी,

परवा रद्दीवाला दारात आला होता. जुनी मासिकं मोजून झाल्यावर मी त्याच्या काट्याला माझी कामाची पिशवी लावली. ५ किलो ८०० ग्रॅम. मग एकेक वस्तू काढून मोजली. एकटा लॅपटॉप २ किलो ३००, चार्जर आणि त्याची जाड वायर ४५० ग्रॅम. बाकी प्रुफांचे गठ्ठे, डबा, पाण्याची बाटली, छत्री. ही पिशवी खांद्याला लावून मी आठवड्यातून दोनदा नाशिकरोडहून सकाळची पंचवटी पकडते, दादरला उतरते आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत येते.

मी मुद्रितशोधन आणि संपादन करते, एकवीस वर्षं झाली. वय ५३. दिवाळीपासून मानेचं दुखणं वाढलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की खांद्यावरचं ओझं निम्मं करा. प्रुफं किती येतील ते माझ्या हातात नाही. पाणी आणि डबा लागतोच. राहिला लॅपटॉप.

सध्याचा लॅपटॉप २०१७ सालचा, पंधरा इंची, आय-५ ७२००यू, आत सीडी ड्राइव्हसुद्धा आहे. त्याने माझं खूप काम केलं. पण विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते आणि हा सातवीचा, त्यामुळे तो विंडोज १० वरच राहिला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधारही थांबला. बँकेचं काम त्यावर करायला आता धजावत नाही.

काम काय, ते सांगते. दिवसाचे सहा-सात तास मराठी टायपिंग, इनस्क्रिप्ट कळफलकावर. वर्ड, मोठमोठ्या पीडीएफ, ब्राउझरमध्ये शब्दकोशांची आणि संदर्भांची वीसेक पानं एकाच वेळी उघडी. एका मुद्रकाकडच्या फाइली अजून जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये येतात. त्यांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं आणि यूएसबीला डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही. खेळ नाहीत, व्हिडिओ संपादन नाही. गाडीत चार्जिंगची खात्री नसते, म्हणून बॅटरी जाऊन-येऊन पुरली पाहिजे.

बजेट ७० हजारांपर्यंत. दुकानात विचारलं तर ८ जीबी रॅमचा एक फार सुंदर, पातळ लॅपटॉप दाखवला आणि 'तुमच्या कामाला एवढं चालून जातं' म्हणाले. माझा भाचा श्टुटगार्टला आहे, तो उन्हाळ्यात येताना तिकडून आणायला तयार आहे. तिकडून आणावा का? तेरा इंची की चौदा इंची? आणि पातळ मशीन टिकतं का? हा पैसा मी पुढची सात-आठ वर्षं परत काढू शकणार नाही, म्हणून इतकं सविस्तर विचारते आहे.

---

सांजवेळ :

ताई, मी २०२० च्या अखेरीस एम१ चिपचा मॅकबुक एअर घेतला. १.२९ किलो. आत पंखाच नाही, त्यामुळे आवाज नाही आणि धूळ ओढली जात नाही. अजून एकदाही फॉरमॅट केला नाही. मराठी इनस्क्रिप्ट मॅकमध्ये आधीपासूनच असतो. तुमची ती डोंगलची अडचण नसती तर दुसरं काही सुचवलंच नसतं. मुद्रकाला युनिकोडवर आणता येतं का ते एकदा बघा.

---

गोदाकाठ :

@सांजवेळ, धन्यवाद. मुद्रकाला दोनदा विचारून झालं. त्यांच्याकडे वीस-पंचवीस वर्षांची पुस्तकं त्याच फाँटमध्ये आहेत, नवी आवृत्ती काढताना तीच फाइल उघडावी लागते. त्यांचीही अडचण खरी आहे. ते काम सोडलं तर माझं महिन्याचं एक तृतीयांश उत्पन्न जाईल. विंडोजच हवं.

---

राजारामपुरी :

ताई, मी कोल्हापुरात लॅपटॉप दुरुस्ती करतो, चौदा वर्षं. विक्री करत नाही, त्यामुळे तुम्ही कुठलाही घेतला तरी मला काही मिळायचं नाही. माझ्या टेबलावर काय येतं, त्यावरून सांगतो.

पातळ लॅपटॉप घेताना मनात एकच चाळणी ठेवा : यातलं काय मला नंतर बदलता येणार नाही? ते आज चांगलं घ्यायचं, पैसे तिथेच घालायचे. जे नंतर बदलता येतं त्यात आज काटकसर केली तरी चालेल. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची जागा, बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये चार स्क्रू काढून बदलता येते, म्हणून ५१२ की १ टीबी यावर डोकं शिणवू नका. तुमच्या वर्डच्या फाइलींना ५१२ भरपूर.

रॅमची गोष्ट वेगळी. वजन आणि जाडी कमी करायची म्हणून बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. माहितीपत्रकात 'एलपीडीडीआर' अशी अक्षरं दिसली की जवळजवळ नेहमी समजायचं, ही बोर्डावरची आहे, वाढणार नाही. नुसतं 'डीडीआर४' किंवा 'डीडीआर५' असेल तर स्लॉट, म्हणजे रॅमची पट्टी बसवायची खाच, असण्याची शक्यता आहे, तेव्हा विचारायचं : स्लॉट किती, त्यातला रिकामा किती.

हे मी इतकं जोर देऊन का सांगतो त्याला कारण आहे. २०१९ मध्ये एका प्राथमिक शिक्षिकेने मला विचारून लॅपटॉप घेतला. हलका हवा होता, मी एक दाखवला. ४ जीबी रॅम होती. मी म्हणालो, नंतर वाढवू. स्लॉट आहे का हे मी तपासलंच नव्हतं. तीन वर्षांनी बाई आल्या, ऑनलाइन हजेरीचं पान उघडायला पाच मिनिटं लागत होती. मी मागचं झाकण उघडलं आणि बघतो तर बोर्डावर चार काळ्या चिप्स, स्लॉट कुठेच नाही. बाकी सगळं मशीन ठणठणीत होतं. त्या बाईंना मला सांगावं लागलं की यात आता काही करता येत नाही. त्यांनी ते हप्त्यांवर घेतलं होतं. तेव्हापासून मी माहितीपत्रक वाचल्याशिवाय कुणाला शब्द देत नाही.

म्हणून ८ जीबी बोर्डावर आणि स्लॉट नाही, असा लॅपटॉप कितीही देखणा असला तरी तुम्ही घेऊ नका. दुकानदार आजचं सांगतोय, तुम्हाला आठ वर्षांचं बघायचंय. १६ जीबी पाहिजेच.

आता प्रोसेसर. तुमच्या कामाला गेल्या तीन-चार वर्षांतला कुठलाही बरा प्रोसेसर पुरतो, पण नावात एक खड्डा आहे तो दाखवतो. एएमडीचे रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. दुकानातल्या पट्टीवर दोन्ही 'रायझन ५, ७००० सिरीज'. फरक फक्त तिसऱ्या आकड्यात. या ७००० च्या मालिकेत तिसरा आकडा म्हणजे आतल्या रचनेची पिढी. २ म्हणजे झेन २, जी २०१९ ची रचना आहे, आणि त्यात कोअर चार. ३ म्हणजे झेन ३, कोअर सहा. ७५२०यू ची रॅमसुद्धा बोर्डावरचीच असते. किमतीत थोडाच फरक असतो, म्हणून माणूस फसतो. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा. 'यू' म्हणजे साधारण १५ वॅटचा, कमी तापणारा. 'एच' म्हणजे ४५ वॅटचा, ताकदवान पण बॅटरी खाणारा. तुम्हाला गाडीत बसून लिहायचंय, 'यू' बघा.

आणि एक. काही विंडोज लॅपटॉपमध्ये आता स्नॅपड्रॅगनची चिप येते. वजनाला आणि बॅटरीला ती मशीन फार छान आहेत. पण ती एआरएम जातीची चिप आहे. साधी सॉफ्टवेअर त्यावर भाषांतर होऊन चालतात, ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, मात्र त्या चिपसाठी वेगळा लिहिलेला लागतो. तुमच्या जुन्या डोंगलचा असा ड्रायव्हर असेल असं धरून चालू नका. त्यामुळे इंटेल किंवा एएमडीच. आणि डोंगलसाठी जुन्या पद्धतीचं, रुंद यूएसबी पोर्ट मशीनवरच असू दे. काही अगदी पातळ लॅपटॉपना नुसती टाइप-सी पोर्टं असतात. मग जोडणीचा तुकडा घ्यावा लागतो आणि तो नेमका घरी राहतो.

आता टिकण्याचं. पातळ लॅपटॉपची तक्रार म्हणून माझ्याकडे सगळ्यात जास्त काय येतं, तर बिजागरी. हिंज म्हणा. स्क्रीनची बिजागरी पोलादी असते, ती सहसा मोडत नाही. पण ती ज्या पितळी नटांमध्ये कसलेली असते, ते बारीक नट प्लास्टिकच्या बुडख्यांत गरम करून दाबलेले असतात. नवीन असताना बिजागरी घट्ट असते. माणूस घाईत स्क्रीन एका कोपऱ्याला धरून उघडतो. सगळा जोर एका बाजूच्या बिजागरीवर येतो, हळूहळू प्लास्टिकला केसाएवढी चीर पडते आणि एक दिवस नट बुडख्यासकट उखडून येतो. मग झाकण उघडताना कोपरा फाकतो आणि आतली डिस्प्लेची केबल चिमटीत सापडते. हा प्रकार मी आठवड्याला दोन-तीनदा बघतो. आम्ही इपॉक्सी भरून बसवतो, पण पहिल्यासारखं होत नाही.

दुकानात दोन गोष्टी करा. लॅपटॉप टेबलावर ठेवून झाकण मधोमध एका बोटाने उघडा. खालचा भाग जागेवर राहिला तर बिजागरीचा ताण बरोबर आहे. मग झाकणाच्या मागे मधोमध अंगठ्याने हलकं दाबा, स्क्रीनवर पाण्यासारखे तरंग उठले तर झाकण फार पातळ आहे. गर्दीच्या गाडीत पिशवीवर दाब येतोच. घरी आणल्यावर नेहमी मधोमध धरूनच उघडा.

दुसरं, बॅटरी. 'दहा तास' असं लिहिलेलं वाचू नका, वॉट-अवर विचारा. लिहिण्यावाचण्याच्या कामाला पातळ लॅपटॉप साधारण ६ ते ८ वॅट ओढतो. ४२ वॉट-अवरची बॅटरी असेल तर हिशेबाने सहा तास, ५७ ची असेल तर आठ. दोन-तीन वर्षांनी यातला पाचवा हिस्सा कमी झालेला असतो, तेही धरा. तुमचं जाऊन-येऊन सात तास बसणं आहे, तेव्हा ५५ च्या खाली जाऊ नका.

आणि चार्जर टाइप-सीचा घ्या, ६५ वॅटचा. त्यानेच फोनही चार्ज होतो. तुमचा ४५० ग्रॅमचा ठोकळा जाऊन शे-दीडशे ग्रॅमची चकती येईल. लोक लॅपटॉपचं वजन बघतात, चार्जरचं बघत नाहीत.

मॉडेलचं नाव विचारलंत तर थिंकपॅड ई१४ च्या अलीकडच्या पिढ्या बघा. दीड किलोच्या आतबाहेर वजन, टायपिंगला उत्तम, सहाव्या पिढीत रॅमला दोन स्लॉट आहेत आणि दोन्हींतली रॅम बदलता येते. एक किलोचा नाही, पण तुमच्या कामाला बसतो. बॅटरी वेगवेगळ्या आकाराची येते, घेताना ५७ ची आहे का ते विचारून घ्या.

---

नेकारकाठ :

श्टुटगार्टजवळच राहतो म्हणून लिहितो. भाच्याचा भाव मोठा आहे, पण तिकडून आणवू नका. इथल्या दुकानांतल्या लॅपटॉपवर जर्मन कळफलक असतो. वाय आणि झेडच्या जागा अदलाबदल केलेल्या, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मराठी टंकणाऱ्याला दुसराच त्रास होतो. इनस्क्रिप्ट कळीच्या जागेवर चालतो, त्यामुळे बहुतेक अक्षरं बरोबर येतात. मात्र इथे डावी शिफ्ट आखूड असते, तिच्या शेजारी एक जादा कळ घुसवलेली असते, आणि एंटर उभा असतो. इनस्क्रिप्टमध्ये ॉ ज्या कळीवर आहे ती वरच्या ओळीतून खाली सरकते. मी घरी आईला पत्रं लिहितो तेव्हा 'डॉक्टर' आणि 'ऑफिस' लिहिताना आजही बोट चुकतं, आणि ख, घ, थ, ध, फ, भ ही शिफ्टची सगळी अक्षरं डाव्या करंगळीने घसरतात. तुम्ही दिवसाला सात तास टंकता. चार दिवसांत मनगट बोलेल. शिवाय बिघडलं तर भारतात वॉरंटी लागू होईल का, हे दर वेळी वेगळं.

---

राजारामपुरी :

@नेकारकाठ, हे फार मोलाचं सांगितलंत. यावरून आठवलं. भारतात मिळणाऱ्या काही तेरा इंची लॅपटॉपमध्येही जागा वाचवायला उजवीकडच्या कळा अरुंद केलेल्या असतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्या कंसाच्या आणि अवतरणाच्या कळा दिवसातून दोनदा लागतात. इनस्क्रिप्टवर तिथे ड, ट आणि ॉ आहेत. ताई, म्हणून तेरा नको, चौदा.

---

वसतिगृह ब्लॉक सी :

काकू, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, माझं बजेट तुमच्या निम्मंही नव्हतं. मी कंपन्यांतून निघालेला, रिफर्बिश्ड थिंकपॅड एक्स१ कार्बन घेतला, सहावी पिढी, २०१८ चा. १.१३ किलो. आय-५ ८२५०यू म्हणजे इंटेलची आठवी पिढी, त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. १६ जीबी रॅम असलेलाच शोधला, कारण त्यातही रॅम बोर्डावरच आहे. बॅटरी आल्या आल्या बदलावी लागली, तो खर्च मी आधीच धरला होता. कळफलक असा आहे की रात्री मित्र झोपलेले असताना असाइनमेंट लिहिली तरी कुणी जागं होत नाही. तुम्हाला आठ वर्षं वापरायचा आहे म्हणून नवीनच घ्या असं मी म्हणेन, पण कमी पैशांत कुणाला हवा असेल तर हा मार्ग वाईट नाही.

---

गोदाकाठ :

सगळ्यांचे मनापासून आभार. राजारामपुरी, तुमचा प्रतिसाद मी छापून घेतला आणि पेन्सिलने खुणा केल्या. काल शरणपूर रोडवरच्या दोन दुकानांत जाऊन आले.

तुम्ही स्क्रीनबद्दल फारसं लिहिलं नव्हतं, पण माझं सगळं काम डोळ्यांवर आहे, म्हणून मी माझी स्वतःची परीक्षा घेऊन गेले होते. पेनड्राइव्हवर एक पान. अकरा पॉइंटात शब्द टंकलेले : धडा-घडा, भाळ-माळ, वर्षांत, मूर्तींना, दुसऱ्या, शुद्ध आणि त्याखाली चुकीचा शुध्द. ध आणि घ, भ आणि म यांतला फरक म्हणजे शिरोरेषेतली तुटलेली जागा, एवढाच. रफारावर अनुस्वार चढला की दोन्ही एकमेकांत मिसळतात. मुद्रितशोधकाची नजर दिवसभर याच जागी असते.

पहिल्या दुकानातला तो सुंदर पातळ लॅपटॉप आधी तपासला. दुकानाच्या दिव्याखाली ठीक दिसत होता. मी विनंती करून तो दाराशी, उजेडात नेला. 'मूर्तींना' मधला अनुस्वार दिसेनासा झाला. मान जरा डावीकडे केली तर पांढरा कागद पिवळट झाला. माहितीपत्रकात बघितलं : २५० निट्स म्हणजे स्क्रीनचा उजेड, ४५ टक्के एनटीएससी म्हणजे रंगांची व्याप्ती. हे आकडे कुठे असतात ते मला आता कळलं.

दुसऱ्या दुकानात १९२० बाय १२०० ची स्क्रीन होती. नेहमीच्या १९२० बाय १०८० पेक्षा उंचीला १२० ठिपके जास्त. ऐकायला थोडं वाटतं, पण वर्डमध्ये माझ्या ओळीच्या अंतराने चार ओळी जास्त दिसल्या. वाक्य पानाच्या तळाशी तुटलं की मागे-पुढे करावं लागतं, ते वाचेल. उजेडातही अनुस्वार दिसला.

एक ओएलईडी स्क्रीनचाही दाखवला. काळा रंग शाईसारखा, फार सुंदर. पण त्यांनी उजेड कमी केला तेव्हा दहा मिनिटांत माझ्या कपाळात ठणका सुरू झाला. हे डोळ्यांचंच की माझ्या अर्धशिशीचं?

आणि एकावर 'कोपायलट प्लस पीसी' असं चिकटवलेलं होतं. त्याचा मला काही उपयोग आहे का?

---

राजारामपुरी :

ताई, तुमची ती पेनड्राइव्हची परीक्षा मी आता माझ्या गिऱ्हाइकांना सांगणार. इतकी साधी आणि पक्की कसोटी मला सुचली नव्हती.

ओएलईडीचं खरं आहे. बऱ्याच ओएलईडी स्क्रीन उजेड कमी करताना फार वेगाने चालू-बंद होतात. डोळ्याला तसं दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. ज्यांना त्रास होत नाही त्यांच्यासाठी ती उत्तम आहे. तुम्हाला दहा मिनिटांत कळलं, तर विषय संपला.

कोपायलट प्लसचं : त्यासाठी मायक्रोसॉफ्टने किमान १६ जीबी रॅम आणि प्रोसेसरमध्येच एआयचं काम करणारा वेगळा भाग सक्तीचा केला आहे. त्या भागाचा तुमच्या कामाला आज उपयोग नाही, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. पण अशा चिकटपट्टीच्या मशीनमध्ये ८ जीबी निघणार नाही, एवढा तिचा फायदा आहे. स्नॅपड्रॅगनचा नाही ना, ते तेवढं बघा.

गाडीबद्दल एक सांगायचं राहिलं. पातळ लॅपटॉप हवा खालून ओढतो. मांडीवर साडी किंवा ओढणी असली की खालच्या जाळ्या बंद होतात, पंखा नुसता ओरडतो आणि आतली गरमी बॅटरीला लागते. मुलांचं परीक्षेचं पॅड मिळतं ना, ते मांडीवर ठेवून त्यावर लॅपटॉप ठेवा. पन्नास-साठ रुपयांत काम होतं.

गरमीने आणि वयाने बॅटरी फुगते, तेही ओळखायला शिका. फुगलेली बॅटरी आधी टचपॅडला खालून ढकलते. टचपॅडचं बटण दाबलं जाईना, किंवा बंद केल्यावर झाकण नीट बसेना, की त्याच दिवशी वापर थांबवा, चार्जिंगला लावू नका आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. घरी टोचून बघायची नाही. माझ्याकडे एकांनी सहा महिने तसंच वापरलेलं मशीन आणलं होतं, उघडलं तर बॅटरीची पाकिटं पापडासारखी तट्ट फुगलेली. त्यांच्या घरात लहान मूल होतं.

---

गोदाकाठ :

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशीर झाला त्याबद्दल क्षमा.

थिंकपॅड ई१४ घेतला. १६ जीबी रॅम एकाच स्लॉटमध्ये, दुसरा रिकामा. दुकानदाराला मागचं झाकण उघडून दाखवायला सांगितलं. त्याला नवल वाटलं, पण त्याने दाखवलं. ५७ ची बॅटरी असलेला नाशिकला नव्हता, मागवून घ्यायला नऊ दिवस लागले. अपघाती नुकसानीचं संरक्षण तीन वर्षांचं वेगळं घेतलं, कारण गाडीत कोण कधी चहाचा कप घेऊन धक्का देईल ते सांगता येत नाही. सगळं मिळून ६९ हजारांत बसलं. जुना लॅपटॉप इंटरनेट काढून घरीच ठेवलाय, जुन्या फाइली त्यावर आहेत.

डोंगल पहिल्या दिवशीच लावून पाहिला. हिरवा दिवा लागला आणि मुद्रकाची फाइल उघडली. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

रद्दीवाला या रविवारी आला तेव्हा पिशवी पुन्हा काट्याला लावली. ४ किलो ६००. डॉक्टरांनी निम्मं सांगितलं होतं, तिथवर अजून पोचले नाही. म्हणून एका प्रकाशकाला पत्र लिहून विनंती केली की प्रुफं कागदावर न देता पीडीएफमध्ये द्या, आता माझ्याकडे ती वाचण्याजोगी स्क्रीन आहे. ते कबूल झाले आहेत. पुढच्या महिन्यापासून आणखी किलोभर जाईल.

मंगळवारी पहिल्यांदा गाडीत नेला. मांडीवर परीक्षेचं पॅड, त्यावर लॅपटॉप. इगतपुरी सोडली की घाटात बोगदे लागतात. जुन्या लॅपटॉपवर तिथे मी हात थांबवून बसायचे, कारण कळांना दिवा नव्हता. कळा पाठ आहेत, पण वरची आकड्यांची ओळ आणि चिन्हं बघावी लागतात. या वेळी बोगद्यात शिरलो आणि कळांखाली पांढरा उजेड तसाच होता. एका कादंबरीचं बारावं प्रकरण चालू होतं. कसारा आलं तेव्हा ते संपलं. दादरला उतरताना बॅटरी ६४ टक्के होती.

एक शंका उरली आहे. घरी असते तेव्हा चार्जर दिवसभर लावून ठेवू की अधूनमधून काढू? शेजारच्या काकांचं म्हणणं, पूर्ण उतरवून मगच चार्ज करावा.

---

राजारामपुरी :

ताई, वाचून फार बरं वाटलं.

काकांचं म्हणणं जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांना लागू होतं. लिथियमच्या बॅटरीला शून्यापर्यंत उतरवणं उलट मारक. लॅपटॉपसोबत कंपनीचं 'व्हँटेज' नावाचं ॲप असतं, त्यात चार्जिंगची मर्यादा ठरवता येते. घरी असाल तेव्हा ८० टक्क्यांवर थांबवा आणि चार्जर खुशाल लावून ठेवा. सोमवारी आणि गुरुवारी रात्री, म्हणजे गाडीच्या आदल्या रात्री, ती मर्यादा काढून १०० भरू द्या. तुमचे वार वेगळे असतील तर त्याप्रमाणे.

आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पंख्यातली धूळ काढून घ्या. नाशिकला ओळखीचा कारागीर नसेल तर कळवा.

---

गोदाकाठ :

मंगळवार आणि शुक्रवार, अगदी बरोबर ओळखलंत. मर्यादा ८० वर लावली. कारागिराचं नक्की कळवा, दिवाळीच्या आधी नेईन.